धडक चुकून होते, पळून जाणं चुकून होत नाही



१ ऑगस्टला मासेमारी बंदी उठली की आपलं अर्धं गाव पहाटे रस्त्यावर असतं. काळोखात जेटीवर ट्रॉलर लागतो. खलाशी सायकलने नाहीतर चालत घरी निघतात. बाया पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत असतात. आणि त्याच रस्त्याने बर्फाचे, मासळीचे टेम्पो मडगाव-बेळगावकडे धावतात, कारण बाजार कुणासाठी थांबत नाही. म्हणजे गाडीखाली सापडणारे आपले, आणि गाडी चालवणारेही बरेचदा आपलेच. म्हणून या विषयावर आम्ही एकाच बाजूने बोलणार नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. अपघातात कुणी जखमी झालं तर ड्रायव्हरने त्याला औषधोपचार मिळवून द्यायचा आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं. हे केलं नाही तर कलम १८७ प्रमाणे पहिल्या वेळी शिक्षा किती? सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीही २०१९ ला वाढवलेली. त्याआधी दंड पाचशे रुपये होता! म्हणजे रक्तात पडलेल्या माणसाला टाकून जाणारा आजही पाच हजार भरून सुटू शकतो. बेदरकारपणे कुणाला गंभीर जखमी केलं तर भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण तो ड्रायव्हर थांबला की पळाला, याचा त्या कलमात फरकच नाही.

न्याय संहितेत पळणाऱ्यांसाठी एक कडक कलम आणलं होतं, १०६ (२). बेदरकार गाडी चालवून माणूस मारला आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. आठवत असेल, जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला यावरूनच देशभर ट्रकवाले संपावर गेले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं, संप मिटला. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, पण हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं गेलं.

संपवाल्यांची भीती खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही. आपल्यातलेच टेम्पोवाले सांगतात, "थांबलो तर लोक आधी मारतात, मग विचारतात." हे खरं आहे, आणि मारणाऱ्या जमावात आपणही कधीतरी उभे असतो. पण कायद्याने या भीतीचा विचार केलेला आहे. जमाव खवळला असेल तर जागेवर थांबून मदत करण्याच्या जबाबदारीतून कलम १३४ सूट देतं. पोलिसांना कळवण्यातून मात्र सूट नाही. जीवाला धोका असेल तर गाडी पुढे ने बाबा, पण सरळ पोलीस ठाण्यावर ने. चालता चालता ११२ आणि १०८ ला कुणाकडून तरी फोन करून घे. एवढं करायला पैसे लागत नाहीत आणि हिंमतही फार लागत नाही.

आपल्या धंद्यात हे नवीन नाही. दर्यात दुसरी होडी अडचणीत दिसली तर आपण जाळी कापून तिकडे जातो. मोठ्या जहाजांनाही तोच नियम आहे, टक्कर झाली तर समोरच्याला मदत करायची आणि आपलं नाव-बंदर सांगायचं. मार्च २०१२ मध्ये केरळच्या आलप्पुळा किनाऱ्यासमोर एका मालवाहू जहाजाने 'डॉन' नावाच्या मच्छीमार बोटीला धडक दिली आणि ते न थांबता पुढे गेलं. आपल्यासारखेच मच्छीमार त्यात गेले. पुढे ते जहाज शोधून चेन्नई बंदरात आणलं. तेव्हा आपण सगळे म्हणालो, टक्कर झाली ते एक, पण थांबले कसे नाहीत? मग हाच प्रश्न रस्त्यावर आपल्या टेम्पोला विचारायला लाज कसली?

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. १०६ (२) लागू व्हावं, पण दोन दुरुस्त्या करून. एक, सुरक्षित जागी जाऊन लगेच फोन करणारा 'पळाला' असं धरलं जाणार नाही, हे कायद्यातच लिहा. दोन, ही शिक्षा फक्त मृत्यूसाठी नको. गंभीर जखमीला टाकून जाणाऱ्यालाही पाच हजारांत सोडू नका. माणूस जिवंत असतो तेव्हाच तर थांबण्याचा उपयोग असतो.

आणि आपल्या घरापासून सुरुवात. मासळी भरायला टेम्पो लावताना मालकाने ड्रायव्हरला सांगावं: काही झालं तर फोन कर, मासळी नासली तरी चालेल, आम्ही तुझ्या मागे उभे राहू. मालकच "आधी माल पोचव" म्हणत असेल तर पळून जाण्यात त्याचाही वाटा आहे. आणि अपघात दिसला तर ड्रायव्हरच्या अंगावर हात टाकू नका. जखमीला उचला. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, कलम १३४-अ.

ज्यांच्या घरावर अशी वेळ आली आणि गाडी सापडलीच नाही, त्यांनी हे लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाला तर दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार सरकारी भरपाई आहे. पोलिसांत नोंद करा आणि तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. अर्ज भरता येत नसेल तर सोसायटीच्या ऑफिसात या, आम्ही भरून देऊ.

पहाटे पाटी घेऊन निघालेली आई, आजी, बहीण घरी परत यायला हवी. आपल्या ग्रुपवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला हे वाचून दाखवा.