वीज तोडायला आलात? आधी नोटीस दाखवा!

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ साली स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. त्यांच्यासाठी तो गरिबीतून सुटकेचा प्रश्न होता. आज आमच्या वस्त्यांत थकबाकीच्या नावाखाली न सांगता वायर कापली जाते आणि आम्ही हात जोडून उभे राहतो. का? विद्युत कायदा २००३, कलम ५६ सांगते : १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलच चुकीचे वाटते? मग मागील सहा महिन्यांच्या सरासरीने दरमहाची रक्कम निषेध नोंदवून भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येणार नाही. पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि विद्युत लोकपाल आहेतच. मित्रांनो, वस्तीतल्या प्रत्येक घराला हे कलम पाठ करवू. वीज ही कुणाची मेहेरबानी नव्हे! जय भीम!