परक्याचा चेहरा

विज्ञानपटांतला परग्रहवासी बहुधा माणसाचाच दूरचा नातेवाईक असतो. दोन डोळे, दोन हात, कपाळावर थोडी रबरी वळणे, की झाला परका! यामागे खर्चाचे कारण आहेच. पोशाखाच्या आत शेवटी नटच उभा असतो. परंतु कल्पनाशक्तीचा आळसही तितकाच आहे.

रिडली स्कॉटच्या 'एलियन'मधल्या (१९७९) प्राण्याच्या आतही माणूसच होता : बोलाजी बाडेजो हा विलक्षण उंच, सडपातळ नायजेरियन तरुण. पण स्विस चित्रकार एच. आर. गीगर याने घडवलेल्या त्या रूपाला डोळेच दिसत नाहीत. लांबट, गुळगुळीत कवटी. बरगड्या कुठे संपतात आणि नळ्या कुठे सुरू होतात हे कळू नये असे अंग. जबड्याच्या आत दुसरा जबडा. नजरच नसल्याने त्याचा हेतू वाचता येत नाही. तरीही त्याचे भय आपल्या ओळखीचे आहे. परक्या बीजाने देहात शिरणे, तेथे वाढणे, छाती फोडून बाहेर येणे, ही गर्भाची आणि प्रसूतीची आपलीच दुःस्वप्ने. म्हणून मी त्याला सुंदर म्हणेन. परका म्हणणार नाही.

परका आहे तो सोलारिसचा महासागर. स्तानिस्लाव लेमच्या कादंबरीत (१९६१) त्याच्या पृष्ठभागावर प्रचंड आकृत्या उभ्या राहतात, विरतात, आणि शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे वर्गीकरण करीत राहतात. (समीक्षकांना हा उद्योग परिचयाचा वाटावा!) अर्थ मात्र लागत नाही. तार्कोव्हस्कीने १९७२च्या चित्रपटात महासागर नुसता घुसळत ठेवला आणि कॅमेरा वळवला तो केल्विनच्या अपराधभावाकडे, त्याच्या मृत पत्नीच्या पुनरागमनाकडे. लेमला हे मुळीच रुचले नव्हते. महासागरापुरती त्याची तक्रार रास्तच आहे. परंतु हारी ही त्या महासागराचीच निर्मिती आहे, हे या वादात विसरले जाते. केल्विनच्या स्मृतीतून ती घडली आहे, आणि स्मृतीला शिवणकामाचे तपशील ठाऊक नसतात. तिच्या पोशाखाच्या पाठीवर बंद आहेत, पण ते सोडायला गेले तर खाली उघडणारी फटच नाही. केल्विनला तो कात्रीने कापावा लागतो. पुढे ती बंद दार धातूसकट फाडून बाहेर येते, रक्तबंबाळ होते, आणि जखमा पाहतापाहता भरून येतात. आपण कोण आहोत हे तिलाही माहीत नाही. चेहरा पूर्णपणे माणसाचा, आणि तरीही गीगरच्या प्राण्याहून मला तिचेच भय अधिक वाटते.