पाटी आत घेणार की नाही?

पंचायतीचे उमेदवार दारी येऊ लागले. जो तो म्हणतो, बस आणतो! अहो, पंचायतीच्या हाती बस नसते, ठराव असतो. आणि आहे त्या बशीत मासळीची पाटी घेऊन चढणाऱ्या बाईला कंडक्टर पायरीवरूनच उतरवतो, त्यावर एकाचेही तोंड उघडत नाही. कदंब महामंडळ १९८० साली निघाले ते काय फक्त कोऱ्या पिशव्यांसाठी?

पलीकडे सावंतवाडीची बाई मार्च २०२३ पासून एस.टी.ने अर्ध्या तिकिटात जाते. गोव्याची हद्द लागली की सवलत संपली! १९६७ च्या कौलात विलीनीकरणाला लाथाडणाऱ्यांनी पेडण्याच्या बाईला याचा हिशेब द्यावा.

मत मागायला येईल त्याच्याकडून पाटीचा ठराव आधी लिहून घ्या, सहीनिशी.