काष्टा गेला आणि काचणं आलं

घरातून निघाल्यावर पहिली दहा मिनिटं काही जाणवत नाही. अंगात नवा फ्रॉक, पायांना थोडा वारा, मे महिन्यातल्या मुंबईत तेवढंच सुख. स्टेशनचा जिना चढून उतरेपर्यंत मांड्यांच्या आतल्या बाजूला चिकटपणा येतो, मग चुरचुर सुरू होते आणि ऑफिसच्या लिफ्टपाशी पोचेपर्यंत पाय किंचित फाकवून चालावं लागतं. रात्री आंघोळीचं पाणी त्या जागेवर पडलं की डोळ्यांत पाणी येतं. तळहाताएवढा लालभडक पट्टा, मधली कातडी सोलवटलेली, कडेला बारीक पुरळ.

यातून न गेलेली बाई विरळाच, पण याबद्दल कुणी बोलत नाही. घामोळ्यांची चर्चा घरभर होते, टाचांच्या भेगांवर शेजारणीही उपाय सांगतात. मांड्या काचल्या म्हटलं की मात्र आवाज खाली येतो. या गप्प बसण्याने बायकांचं खरोखर नुकसान होतं, कारण उपाय सोपे आहेत आणि ते त्रास सुरू होण्याआधी करायचे असतात.

मुळात हा खेळ घर्षणाचा आणि ओलीचा. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर मृत पेशींचा असतो, कागदापेक्षा पातळ. तो कोरडा असेपर्यंत कातडीवरून कातडी बऱ्यापैकी सरकते. घामाने तो फुगतो, मऊ पडतो आणि मांडीला मांडी चिकटून ओढली जाते. एक किलोमीटर चालायला हजारावर पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला हाच ओढा त्याच जागी बसतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हात तो लगेच उडतो, पण मागे उरलेलं मीठ कातडी खरवडतं.

हे जाड बायकांचं दुखणं, असा समज घट्ट बसला आहे आणि तो चुकीचा आहे. मांड्या एकमेकींना टेकणं हे कंबरेच्या हाडांच्या रुंदीवर, पायांच्या ठेवणीवर आणि चालण्याच्या ढबीवरही ठरतं. सडपातळ मुलींना हा त्रास होतो, गरोदरपणात अनेकींना पहिल्यांदाच होतो. मॅरेथॉन धावणारे काटक पुरुष शर्यतीआधी जांघेत व्हॅसलीन लावतात, तेही उघडपणे, एकमेकांना डबी देत. वजन कमी करा, हा सल्ला उद्या सकाळी आठची लोकल पकडायची असलेल्या बाईच्या काही कामाचा नाही.

नऊवारी नेसणाऱ्या बायकांना हा प्रश्न इतका छळत नसणार. काष्टा घातला की कापड दोन्ही पायांच्या मधून मागे जातं आणि मांड्यांच्या मध्ये आपोआप पदर तयार होतो. भाताची लावणी करणाऱ्या किंवा मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईला दिवसभर वाकायचं, चालायचं असे. तिच्या अंगावरचं लुगडं त्या कामाला साजेसं होतं. पुढे सहावारी आली, तिच्या खाली परकर आला आणि हा मधला पदर गेला. परकर कितीही घेरदार असला तरी आत मांडीला मांडी लागतेच. सलवारीने तो पदर परत आणला होता. घरातला गाऊन, वनपीस आणि मॅक्सी यांनी तो पुन्हा काढून घेतला. म्हणून फ्रॉकवालीचा आणि आषाढी वारीत परकर-साडीत दिवेघाट चढणाऱ्या आजींचा त्रास एकच आहे.

तेव्हा पहिला उपाय काष्ट्याचाच: मध्ये कापड आणायचं. फ्रॉकच्या किंवा परकराच्या आत मांडीच्या मध्यापर्यंत येणारी पातळ शॉर्ट्स घालावी. शाळकरी मुली स्कर्टच्या आत सायकलिंग शॉर्ट्स सर्रास घालतात, त्यांच्या आया मात्र साडीत सोसत बसतात. विकत घेताना दुकानात ती उलटी करून बघावी. आतली शिवण जाड, उभारलेली असेल आणि नेमकी मांडीच्या आतल्या बाजूने जात असेल तर ती शिवणच काचेल. लांबी घासणाऱ्या जागेच्या चार बोटं खाली हवी, नाहीतर चालताना कड वर गुंडाळते आणि इलॅस्टिकचा वळ उठतो. सुती कापड आपल्याला प्रिय, पण निव्वळ सुती शॉर्ट्स घाम पिऊन ओली राहते. ज्यांना खूप घाम येतो त्यांना पातळ, चटकन वाळणारं, खेळाडू वापरतात तसलं कापड बरं पडतं. पोट आवळणारी शेपवेअर मात्र उन्हाळ्यात टाळलेलीच बरी. ती काचणं मांडीवरून कंबरेवर नेते.

दुसरा उपाय घसरण वाढवण्याचा. त्यासाठी पेट्रोलियम जेलीइतकं स्वस्त आणि खात्रीचं काही नाही. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या सळ्यांवर साचणारं मेण शुद्ध करून ती बनवली आणि 1872 मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. ती त्वचेत मुरत नाही, वर बसून राहते, आणि तोच तिचा गुण. खोबरेल तेल हाताशी असतं, पण ते लवकर मुरतं आणि कपड्यांवर डाग पाडतं. चिकटपणा नको असेल तर सिलिकॉनवर आधारलेली जेल किंवा काडीसारखी फिरवायची मलमं मिळतात. काहीही लावलं तरी ते निघण्यापूर्वी, कोरड्या त्वचेवर लावायचं आणि दुपारी पुसून पुन्हा लावायचं. सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत ते टिकेल ही अपेक्षा फुकट आहे.

पावडरवर आपली पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. थोड्या घामात ती चालते. भरपूर घामात तिचे गोळे होतात आणि ते गोळेच घासतात. टाल्कच्या सुरक्षिततेवरून वर्षानुवर्षं खटले चालले आणि जॉन्सन अँड जॉन्सनने 2023 मध्ये टाल्क असलेली बेबी पावडर जगभर बंद केली. अशी पावडर जांघेत रोज भरण्याची सवय सोडलेलीच बरी.

कातडी सोलवटलीच असेल तर कोमट पाण्याने धुवावी, टॉवेलने टिपून घ्यावी, चोळू नये. झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली लावून दोन-तीन दिवस सैल पायजमा घालावा. जंतुनाशक द्रव, अत्तर, डिओ तिथे नको. मागे राहिलेल्या काळेपणावर लिंबू आणि खायचा सोडा चोळण्याचे सल्ले देणाऱ्यांचं अजिबात ऐकू नये, त्याने आग वाढते आणि काळेपणाही. मात्र काळेपणा मखमलीसारखा जाडसर असेल आणि मानेवर, काखेतही असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. तो घासल्याचा डाग नसतो, इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते.

खरी भीती पुढे आहे. काचलेली, ओली जागा बुरशीला आवडते. गोल चकंदळ, कड उठलेली, मध्ये थोडं बरं झाल्यासारखं आणि रात्री झोप मोडणारी खाज, हे गजकर्ण. इथे लाज घात करते. डॉक्टरांना दाखवायचं नाही म्हणून औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणली जाते. तिच्यात बरेचदा तीव्र स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते, कातडी पातळ होऊन कायमचे पांढुरके वळ पडतात. सरकारने 2018 मध्ये त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी काउंटरवर मागितली की ट्यूब मिळते. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीला तर 2020 मध्ये संशोधकांनी भारताच्या नावावरूनच ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. ही बुरशी आज अनेक देशांत सापडते. आठवड्यात बरं न होणारं, पसरणारं किंवा पू धरणारं काचणं त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. जाताना आधी लावलेली ट्यूब सोबत न्यावी आणि ती किती दिवस लावली तेही न लाजता सांगावं. औषध ठरवताना डॉक्टरांना ही माहिती लागतेच.