पदवीआधी बार परीक्षा? हो, आणि नोंदणीही

कायद्याच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला बार परीक्षेला बसू द्या म्हटलं की ज्येष्ठ वकिलांच्या भुवया उंचावतात. पदवीचा पत्ता नाही आणि परीक्षा कसली? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!

म्हण ठसकेबाज आहे, पण ती इथे लागू पडत नाही. अधिवक्ता अधिनियम, 1961चं कलम 24 पदवी मागतं ते सनदेसाठी. ऑल इंडिया बार परीक्षा त्या कलमात नाहीच. ती बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2010 साली स्वतःच्या नियमांनी आणली. ती वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी 2023मध्ये शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांना बसू देण्याची सूचनाही स्वीकारली. निकाल विद्यापीठात उत्तीर्ण होण्याच्या अधीन राहणार असल्याने नापास मुलगा काळा कोट चढवून कोर्टात उभा राहील, ही भीती उरत नाही. तरी विद्यार्थ्यांना सप्टेंबर 2024मध्ये पुन्हा त्याच न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं, तेव्हा कुठे परीक्षेची नोंदणी त्यांना खुली झाली.

दर्जा घसरेल म्हणे. शंभर बहुपर्यायी प्रश्न, खुल्या प्रवर्गाला 45 टक्क्यांची अट, टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेण्याची मुभा. अशी परीक्षा सहा महिने उशिरा दिल्याने कठीण कशी होते, हे कुणी समजावून सांगावं.

परीक्षा उत्तीर्ण होण्याआधीही तात्पुरत्या सनदेवर दोन वर्षं काम करता येतं, मग घाई कशाला, हा मुद्दा मात्र खरा आहे. पण ही वर्षं सीनियरच्या चेंबरमध्ये तारखा सांभाळत, वकीलपत्रं दाखल करत, तुटपुंज्या पैशांत काढायची असतात. मुंबईत कॉट बेसिसवर राहणाऱ्या सावंतवाडीच्या मुलीवर तेव्हा परीक्षेची टांगती तलवार कशाला?

मी तर आणखी पुढे जाईन: विद्यार्थ्याची बार कौन्सिलकडे नोंदणीही तो शिकत असतानाच व्हावी. कॅलिफोर्नियात कायद्याचं शिक्षण सुरू झाल्यापासून 90 दिवसांत बारकडे नोंदणी करावी लागते. आपल्याकडे बोगस पदव्या शोधण्यासाठी 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाला समिती नेमावी लागली, तीही लोक वकिली करू लागल्यावर! दहावी-बारावीची प्रमाणपत्रं विद्यार्थी शिकत असतानाच तपासली, तर भामटा अशिलापर्यंत पोचणारच नाही.

फक्त या निमित्ताने नवं शुल्क नको. सनदेसाठी खुल्या प्रवर्गाकडून 750 आणि अनुसूचित जाती-जमातींकडून 125 रुपयांहून जास्त घेता येणार नाहीत, असं न्यायालयाने जुलै 2024मध्ये बजावलं आहे. लवकर नोंदणी याच रकमेत बसवावी, आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने त्यासाठी कुणी पुन्हा याचिका करण्याची वाट पाहू नये.