न पिणाऱ्यांनी द्राक्षाचा मुलूख का पाहावा?



यंदाची अभ्यास-सहल नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात न्यावी अशी सूचना आली आणि लगेच दोन तट पडले. माळकरी मंडळी म्हणतात, "वायनरी म्हंजे शेवटी दारूचाच कारखाना, तिथं आपलं काय काम?" तरुण सभासद म्हणतात, समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा-मालेगाववरून गेला, पहाटे निघालं की दुपारी नाशिक, मग अडचण कशाची? आमचे स्पष्ट मत असे की जावे, आणि माळकऱ्यांनी तर आधी जावे.

आपल्या वाशिमचेच उदाहरण घ्या. नाझरीन पंथाचे अमेरिकन मिशनरी या भागात आले, आणि 1938 साली डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी येथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. जिल्ह्यातल्या लोकांना ते 'मिशनचा दवाखाना' म्हणूनच ठाऊक. या पंथाची माणसे दारूला शिवत नाहीत. प्रभुभोजनातसुद्धा न आंबवलेला द्राक्षरसच घेतात. आता अशा एखाद्या वयस्क मिशनरी जोडप्याला स्नेह्यांनी दिवसभर द्राक्षमळे दाखवायला नेले, तर त्यांनी तोंड फिरवून बसावे काय? मुळीच नाही. बाटलीबंद द्राक्षरसाचा धंदा न पिणाऱ्यांनीच तर उभा केला!

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात थॉमस वेल्च नावाचे दातांचे डॉक्टर होते, मेथडिस्ट पंथाचे. चर्चमध्ये वाइन नको म्हणून 1869 साली त्यांनी द्राक्षरस बाटलीत भरून तापवला आणि त्याचे आंबणे थांबवले. मुलाने पुढे त्याचा मोठा उद्योग केला. आणि आपल्यासाठी खरी गोष्ट पुढेच आहे: 1950 च्या दशकात तो सगळा उद्योग द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थेने आपल्या मालकीचा करून घेतला. माल ज्याचा, कारखानाही त्याचाच. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे करून दाखवले, तेच तत्त्व.

नाशिककडे पाहताना हीच नजर हवी. तिथे सुला वगैरे वायनऱ्या गेल्या पंचवीस वर्षांत नावारूपास आल्या. राज्य सरकारने 2001 साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले. पण बहुतेक ठिकाणी कारखाना मालकाचा आणि शेतकरी कराराचा. वाइनच्या जातीचे द्राक्ष खाण्याच्या बाजारात चालत नाही, म्हणजे गिऱ्हाईक एकच. 2008-09 च्या मंदीत उठाव थंडावला, तेव्हा अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. वाइन पुण्य की पाप हा वाद ज्याच्या त्याच्या घरी. आमचा प्रश्न एवढाच: मंदी आली की मार कोणी खायचा?

आणि दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी आपल्या घरात पाहू. एक टन ऊस गाळला की चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल. ते कुठे जाते? काही पेट्रोलमध्ये, काही औषधात, रसायनात, आणि काही सरळ गुत्त्यावर. उसाच्या बिलात त्याचाही पैसा येतो. तेव्हा "आम्ही बाप्पा सोवळे" असे म्हणून चालायचे नाही. मात्र इथेनॉलने आपल्याला एक चांगली वाट दिली आहे. मळी तीच, पण तिचे टाकीत जाणे आणि गड्याच्या पोटात जाणे यात एका संसाराचा फरक आहे. हा फरक व्यवहारात धरून कारखान्याने आपले धोरण ठरवावे, असे आम्हांस वाटते.

सबब, सहल जरूर निघावी. पेला कोणी उचलायचा नाही, हे आधीच ठरवून निघावे. म्हणजे घरच्या माणसांनाही घोर नाही. तिथे चव विचारू नये, हिशेब विचारावा. भाव कधी ठरतो, पैसे किती दिवसांनी मिळतात, माल परत केला तर नुकसान कोणाच्या माथी. बेदाणा आणि रस करणाऱ्यांकडेही जावे. आणि परत आल्यावर हेच प्रश्न आपल्या वार्षिक सभेत, आपल्याच संचालक मंडळाला, उभे राहून विचारावेत.