भोपळा सकाळी, दुधी संध्याकाळी

श्रावण लागला की आमच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत येते : वेल गच्चीभर पसरलाय, फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. सोबत करून झालेल्या उपायांची यादी असते. केळीच्या सालींचं पाणी, ताक-गूळ, रोपवाटिकेतून आणलेलं कसलंसं टॉनिक. गेली कित्येक वर्षं प्रश्नोत्तरांच्या पानावर आम्हीही त्या यादीत भर घालत आलो. पालाश द्या, बोरॉन फवारा. उत्तरं अगदीच चुकीची नव्हती, पण विचारणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा निराळीच होती. आता जूनची लावणी तोंडावर आहे, तेव्हा आधी आपलाच भ्रमाचा भोपळा फोडलेला बरा.

लाल भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण गिऱ्हाइकाला ते कोणी सांगत नाही. आधी नुसतीच नर फुलं येतात आणि गळतात. मादी फुलं आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही मागे असतात. या गळतीला औषध नाही आणि नकोही. ती फुलं बेसनात बुडवून भजी करावीत. खरी गळ पुढची. मादी फुलाच्या बुडाशी कळीतच सुपारीएवढं फळ दिसतं, माणूस हरखतो, आणि तीन-चार दिवसांत ते पिवळं पडून गळतं. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट. तो वाऱ्यावर उडत नाही, त्याला मधमाशी लागते. सातव्या मजल्याच्या गच्चीवर ती येईलच असं नाही. आली आणि घाईत गेली, तर फळ एका अंगाने फुगतं, दुसऱ्या अंगाने आक्रसतं.

हाताने पराग लावायचं तंत्र सगळ्यांना ठाऊक आहे : नर फूल तोडा, पाकळ्या सोला, मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. कार्यशाळेत ते दाखवलंही जातं, बरेचदा सकाळी अकराला, चहापाण्यानंतर. तोवर भोपळ्याचं फूल मिटायला लागलेलं असतं. ते उजाडताना उमलतं, नऊ-दहापर्यंत त्याचा खेळ आटोपतो, आणि एकदा मिटलं की पुन्हा उमलत नाही. दुधीचं याच्या उलट. त्याची पांढरी फुलं दिवस कलला की उमलतात आणि रात्री पतंगांची वाट पाहतात. पडवळही संध्याकाळचं. दोडका मात्र फसवतो. फूल पिवळं म्हणून सकाळी जावं तर सगळं मिटलेलं; तोही संध्याकाळी पाचनंतरचा. त्याचं सख्खं भावंड घोसाळं मात्र पहाटेचं. नोकरदार गिऱ्हाईक 'गच्चीवर काय लावू' असं विचारतं, तेव्हा त्याला आधी घरी कधी असता ते विचारा. सकाळी साडेसहाची लोकल पकडणाऱ्याला लाल भोपळा विकणं म्हणजे पाने पाहायला वेल विकणं. त्याला दुधी द्या.

याच घड्याळामुळे आपला एक सरसकट सल्लाही दुरुस्त करायला हवा. 'फवारणी संध्याकाळी करा' हे भोपळा-काकडीसाठी योग्य आहे, कारण तेव्हा मधमाशी फुलावर नसते. दुधी-दोडक्याची फुलं तर नेमकी तेव्हाच उमलतात. त्यांना कडुनिंबाचं तेल सकाळी लवकर फवारावं, ऊन चढण्याआधी. भुरीसाठी गंधक सुचवताना तर दहा वेळा विचार करा. बहुतेक वेलवर्गीय भाज्यांना गंधक सोसत नाही, पानं करपतात.

पावसात आणखी एक गोष्ट होते. पराग भिजला की फुटतो आणि निकामी होतो. आषाढाच्या झडीत उमलू घातलेल्या मादी कळीवर आदल्या संध्याकाळी कागदी पेला पालथा घालून ठेवावा. उद्या उमलणारी कळी ओळखायला सोपी असते, टोकाला पिवळी झाक आलेली. नर कळीही अशीच झाकून कोरडी ठेवली, की सकाळचं काम दोन मिनिटांचं. त्याच फेरीत लाल भुंगेरे वेचता येतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात.

फळमाशीच्या सापळ्याबद्दल दुकानदारांना एक विनंती. आंब्यासाठी आणलेला मिथाइल युजेनॉलचा सापळा भोपळ्यासाठी म्हणून देऊ नका. त्यात आंब्याची माशी येते. वेलीवरची माशी वेगळी, तिला क्यू ल्यूर लागतं. किडकी फळं खतखड्ड्यात टाकू नयेत, पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत.

शेजारी कारलं लावलं म्हणून दुधी कडू झाला, हे मात्र खरं नाही. त्या दोघांचा संकर होत नाही. पण दुधीचा दुधीशी होतो. पंढरपूर भागात पिकणारा, मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारा कडू भोपळा हीदेखील दुधीचीच जात आहे. तसल्या शेजारात घरी धरलेल्या बियांतून पुढच्या वर्षी कडू फळ येऊ शकतं. 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. म्हणून बी धरायचं असेल तर मादी कळीचं टोक आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधा. दुसऱ्या दिवशी वेळेवर सोडा, पराग लावा, पुन्हा बांधा आणि देठाला खूण करा. आणि बी विकत घेतलेलं असो वा घरचं, दुधी चिरताना एक फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर थुंकून सगळं फळ टाकून द्या.

आता रोपवाटिकांकडे एक मागणी. बियांच्या पाकिटावर अंतर, खोली, उगवणीचे दिवस छापता. त्याखाली एक ओळ आणखी छापा : फूल उमलण्याची वेळ. यंदाच्या अंकासोबत आम्ही सात वेलींच्या वेळांचा छोटा तक्ता दिला आहे. तो कापून गल्ल्याशेजारी चिकटवायला आमची हरकत नाही.